पडद्यावरचा मध्यप्रांत (लेखांक सातवा) : किशोर साहू, दिग्दर्शकाच्या नजरेचा नट

अभिनय आणि दिग्दर्शन या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीने दीर्घकाळ सांभाळल्याची उदाहरणे हिंदी चित्रपटसृष्टीत मोजकीच असून, व्ही. शांताराम, राज कपूर आणि गुरुदत्त ही नावे त्या संदर्भात पटकन आठवतात. राज कपूर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९४८ मधला आणि गुरुदत्त यांचा १९५१ मधला. त्या दोघांच्याही आधी, १९४२ मध्ये, ज्यांनी स्वतः प्रमुख भूमिका करून चित्रपट दिग्दर्शित केला, त्या किशोर साहू यांचे नाव मात्र आज बहुतेक प्रेक्षकांना 'गाइड'मधला मार्को एवढ्याच ओळखीने ठाऊक आहे. ही ओळख खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे, आणि साहू ज्या भागातून आले त्या छत्तीसगढमध्ये तरी ती अपुरी राहू नये.

किशोर साहू यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९१५ रोजी दुर्ग येथे झाला, बालपणाचा मोठा भाग राजनांदगाव परिसरात गेला आणि पदवीपर्यंतचे शिक्षण नागपुरात झाले. दुर्ग, रायपूर आणि नागपूर आज दोन राज्यांत विभागलेली असली तरी त्या काळी ती मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच इंग्रजी प्रांतात होती. राजनांदगाव ही संस्थानाची राजधानी होती, पण तिचाही व्यवहार याच प्रांताशी जोडलेला होता. प्रांताची राजधानी नागपूर, विद्यापीठ नागपूरचे, आणि रायपूर, दुर्ग, राजनांदगाव यांना नागपूरशी जोडणारी बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य वाट. त्यामुळे छत्तीसगढच्या तरुणाने उच्च शिक्षणासाठी नागपूरची गाडी धरावी आणि तेथे मराठी-हिंदी अशा दुहेरी वातावरणात वाढावे, हा त्या काळचा रिवाजच होता. या दुहेरी वातावरणानेच मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांना हिंदी नियतकालिकाचे संपादक केले, आणि पुढे गजानन माधव मुक्तिबोध यांच्यासारख्या मराठी घरातल्या कवीला राजनांदगावात हिंदीचे अध्यापन करीत लिहिते ठेवले. साहू हे याच प्रांताचे अपत्य असून, चित्रपटात येण्यापूर्वीच त्यांनी हिंदीत कथालेखन केले होते, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व कामाचा विचार करताना लक्षात ठेवावी लागते.

१९३७ मध्ये 'बॉम्बे टॉकीज'च्या 'जीवन प्रभात'मधून देविकाराणी यांच्यासमोर त्यांचे पडद्यावर आगमन झाले. मालाडला १९३४ मध्ये उभी राहिलेली ही संस्था स्टुडिओ-पद्धतीवर चालत असे. म्हणजे नट, लेखक, छायाचित्रकार आणि तंत्रज्ञ हे सर्व संस्थेचे मासिक पगारदार असत व एका चित्रपटाचे काम संपले की त्याच छपराखाली दुसऱ्याला लागत. 'जीवन प्रभात'चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन होते, आणि अशा ठिकाणी नवख्या नटालाही प्रकाशयोजना, कॅमेऱ्याची जागा आणि दृश्यांची जुळणी रोज डोळ्यांसमोर घडताना दिसे. १९४० मध्ये याच संस्थेच्या 'पुनर्मिलन'मध्ये त्यांनी मराठी अभिनेत्री स्नेहप्रभा प्रधान यांच्याबरोबर काम केले. त्यानंतर झालेला या दोघांचा विवाह अल्पकाळच टिकला, आणि 'स्नेहांकिता' हे स्नेहप्रभाबाईंचे आत्मचरित्र वाचलेल्या मराठी वाचकांना साहू यांचे नाव प्रामुख्याने त्या कटू प्रकरणातून माहीत असते. कोणाच्याही खाजगी दुःखाचा निवाडा करणे हे या लेखमालेचे काम नव्हे. येथे विचार आहे तो पडद्यावरच्या कामाचा.

१९४२ चा 'कुंवारा बाप' हा साहू यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. अविवाहित तरुणाच्या गळ्यात एक तान्हे मूल पडते आणि त्यावरून त्याच्या चारित्र्याविषयी कुजबुज सुरू होते, असे त्याचे विनोदी कथानक होते. (महमूद यांचा १९७४ मधला याच नावाचा चित्रपट वेगळा आहे.) विषय वरकरणी हलका असला तरी मुलाच्या जन्माचा कलंक समाज कोणाच्या माथी मारतो, हा प्रश्न त्यात होताच, आणि तो पुढे पंचवीस वर्षांनी 'हरे कांच की चूड़ियाँ'मध्ये गंभीर स्वरात परत आला. १९४३ च्या 'राजा'नंतर १९४५ मध्ये त्यांनी 'वीर कुणाल' केला. अशोकपुत्र कुणालाच्या या कथेत त्यांनी स्वतः कुणालाची भूमिका केली, तर त्याच्यावर आसक्त झालेल्या आणि नकार मिळताच सूडाला पेटलेल्या तिष्यरक्षितेच्या भूमिकेत शोभना समर्थ होत्या. 'रामराज्य'मधील सीता म्हणून घरोघरी पुजल्या गेलेल्या अभिनेत्रीला लगोलग अशी भूमिका देण्यात दिग्दर्शकाचे धाडस होते, तसेच ती स्वीकारण्यात अभिनेत्रीचेही. मुंबईतील या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला सरदार वल्लभभाई पटेल उपस्थित होते.

यानंतरचा 'फिल्मिस्तान' संस्थेतला कालखंड हा साहू यांच्या दिग्दर्शनाचा सर्वांत भरीव भाग मानावा लागतो. १९४७ चा 'सिंदूर' विधवेच्या पुनर्विवाहाचा कैवार घेतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हापासून महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा जुनी झाली होती, आणि शांतारामांच्या 'कुंकू'ने १९३७ मध्येच विजोड विवाहाविरुद्ध स्त्रीचा आवाज पडद्यावर आणला होता. तरीही देशभर चालणाऱ्या हिंदी चित्रपटात, गाण्यांसह आणि नेहमीच्या कौटुंबिक मांडणीतून, विधवेच्या कपाळी पुन्हा सिंदूर लावण्याची बाजू घेणे हे तेव्हा सोपे नव्हते.

१९४८ चा 'नदिया के पार' छत्तीसगढी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. जमीनदाराच्या घरातला तरुण आणि कोळ्याची मुलगी यांच्या प्रेमाची ही शोकान्त कथा असून, तीत दिलीपकुमार आणि कामिनी कौशल यांच्या भूमिका आहेत. पात्रांच्या संवादांत साहू यांनी आपल्या भागातील बोलीचा रंग आणला, आणि म्हणूनच छत्तीसगढी चित्रपटाचा इतिहास सांगणारे पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाच्या आधी या चित्रपटाचा उल्लेख करतात. संगीत सी. रामचंद्र यांचे होते. हे रामचंद्र चितळकर मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, आणि त्यांनीही उमेदीच्या काळात नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे धडे घेतले होते. या चित्रपटात मोहम्मद रफी यांच्याबरोबर गायलेल्या ललिता देऊळकर पुढे सुधीर फडके यांच्या पत्नी झाल्या. दुर्गचा दिग्दर्शक, नागपुरात शिकलेला मराठी संगीतकार आणि मराठी गायिका यांनी मिळून नदीकाठच्या लोकजीवनाला दिलेला तो सूर ऐकताना, जुन्या मध्यप्रांताच्या दोन भाषा एका गाण्यात भेटल्यासारख्या वाटतात.

१९५१ च्या 'काली घटा'मधून त्यांनी बीना राय यांना पडद्यावर आणले. त्यानंतर १९५४ हे वर्ष त्यांच्या महत्त्वाकांक्षेचे शिखर ठरले. त्या वर्षी त्यांचा 'मयूरपंख' फ्रान्समधील कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात, म्हणजे परीक्षक मंडळाने पारितोषिकासाठी विचारात घ्यावयाच्या चित्रपटांत, दाखवला गेला. भारत पाहायला आलेली परदेशी स्त्री विवाहित भारतीय पुरुषाच्या प्रेमात पडते, असा त्याचा विषय होता. त्याच महोत्सवात बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन'ला पारितोषिक मिळाले, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्या वर्षीचा कान महोत्सव म्हणजे 'दो बीघा ज़मीन' असे समीकरण होऊन 'मयूरपंख' तळटीपेत गेला. गुणवत्तेचा विचार करता हा निकाल अन्याय्य म्हणता येणार नाही.

त्याच वर्षीचा 'हॅम्लेट' अधिक खोल विचाराला पात्र आहे. शेक्सपिअरचे हे नाटक मराठीला परके नव्हते. गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने त्याचे भाषांतर केले होते आणि गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट मराठी रंगभूमीवर गाजला होता. पारशी रंगभूमीच्या परंपरेतून आलेल्या सोहराब मोदी यांनी १९३५ मध्ये ते 'खून का खून' या नावाने बोलपटात आणले होते. साहू यांनी मात्र नाटकाचे मूळ नाव कायम ठेवले, हॅम्लेटची भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही स्वतःकडे घेतले, आणि ऑफेलियाच्या भूमिकेसाठी तेव्हा नवोदित असलेल्या माला सिन्हा यांची निवड केली. प्रेक्षकांनी चित्रपटाला साथ दिली नाही. त्याची कारणे चित्रपटातच शोधावी लागतात: चाळिशीकडे झुकलेल्या नटाने तरुण राजपुत्र साकारण्यात अडचण होती, आणि पाश्चात्त्य पोशाख व राजवाडे जसेच्या तसे ठेवल्यामुळे येथील प्रेक्षकाला ती कथा आपल्या घरातली वाटली नाही.

या टप्प्यावर अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचे स्मरण उपयोगी ठरते. वेल्स यांचा जन्मही १९१५ मधलाच. 'सिटिझन केन' हा त्यांचा पहिला चित्रपट १९४१ चा, म्हणजे 'कुंवारा बाप'च्या आदल्या वर्षीचा. त्यांनीही शेक्सपिअर पडद्यावर आणला, आणि त्यांच्या 'ऑथेल्लो'ला १९५२ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. प्रतिभेच्या दृष्टीने दोघांना एका पातळीवर बसवणे योग्य होणार नाही. वेल्स यांनी चित्रपटाची भाषाच बदलली, तसे साहू यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. साम्य आहे ते कारकिर्दीच्या वळणात. स्वतःच्या चित्रपटांसाठी पैसा उभा करता यावा म्हणून वेल्स इतरांच्या चित्रपटांत भूमिका करीत राहिले, आणि कॅरल रीड यांच्या 'द थर्ड मॅन'मधला हॅरी लाइम हा त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरला. साहू यांच्याही बाबतीत सर्वांत लक्षात राहिलेली भूमिका दुसऱ्याच्या चित्रपटातली आहे.

त्या भूमिकेकडे वळण्यापूर्वी १९६० च्या 'दिल अपना और प्रीत पराई'चा विचार आवश्यक आहे, कारण दिग्दर्शक म्हणून साहू यांची पकड त्यात सर्वांत सहज दिसते. कमाल अमरोही यांच्या 'महल पिक्चर्स'ने काढलेल्या या चित्रपटात राजकुमार हे शल्यचिकित्सक, मीनाकुमारी या परिचारिका आणि नादिरा या उपकाराच्या ओझ्यातून डॉक्टरच्या घरी आलेल्या पत्नी आहेत. परिचारिकेच्या पेशाकडे समाज संशयाने पाहत असे त्या काळात, तिची सेवा आणि तिचे प्रेम या दोन्हींना सारखाच मान देणारी ही कथा आहे. रुग्णालयाच्या पांढऱ्या भिंती आणि पांढरा गणवेश यांच्यामध्ये मीनाकुमारी यांचा चेहरा स्थिर ठेवून, त्यावर हलणाऱ्या सूक्ष्म भावांना वेळ देणारी साहू यांची पद्धत येथे पूर्ण फळाला आली आहे. शंकर-जयकिशन यांच्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेही 'मुग़ल-ए-आज़म' स्पर्धेत असताना.

आता 'गाइड'. विजय आनंद यांनी १९६५ मध्ये केलेल्या या चित्रपटाचा आधार आर. के. नारायण यांची १९५८ ची कादंबरी असून, तीत रोझी नवऱ्याशी प्रतारणा करते आणि मार्को तिला सोडून निघून जातो. चित्रपटात हा क्रम उलटवला आहे. गुहेत संशोधन करणाऱ्या मार्कोला भेटायला गेलेली रोझी त्याला दुसऱ्या तरुणीबरोबर पाहते, आणि नाते तोडण्याचा निर्णय ती घेते. विवाहित स्त्रीने घर सोडणे प्रेक्षकाला पटावे, यासाठी केलेल्या या बदलाचा सारा भार मार्कोच्या भूमिकेवर पडतो: तो पुरेसा निष्ठुर वाटला नाही तर रोझी चंचल ठरेल, आणि तो नेहमीचा खलनायक झाला तर कथा स्वस्त होईल. साहू यांनी हा तोल आवाज न चढवता साधला. दगडातल्या मूर्तींसमोर त्यांची नजर जिवंत होते आणि पत्नीकडे वळताच विझते. तिला नाचण्याची मनाई करताना ते चिडलेले नसून केवळ कंटाळलेले दिसतात, आणि हा कंटाळाच रागापेक्षा जास्त दुखावणारा आहे. मध्यंतराच्या आसपास मार्को पडद्यावरून जवळजवळ नाहीसा होतो. तरीही रोझीच्या दागिन्यांच्या कागदपत्रांवर तिचा प्रियकर राजू तिची खोटी सही करतो आणि तुरुंगात जातो, तेव्हा या न दिसणाऱ्या माणसाचा दबाव कथेवर कायम असल्याचे जाणवते.

विधवेचे लग्न, परिचारिकेचा मान, आणि 'हरे कांच की चूड़ियाँ'मध्ये (१९६७, नायिका त्यांची कन्या नैना साहू) अविवाहित मातेची बाजू घेणाऱ्या दिग्दर्शकाने, ज्या पतीविरुद्ध त्याचे चित्रपट वर्षानुवर्षे बोलत होते, त्याच पतीचे पडद्यावरचे सर्वांत अचूक चित्र उभे करावे, हा योगायोग मानता येत नाही. अशा पुरुषाला बाहेरून न्याहाळण्याची सवय दिग्दर्शकाला होती, आणि तीच नटाच्या उपयोगी पडली. म्हणून मार्कोला त्यांच्या दिग्दर्शनापासून तोडून पाहणे ही चूक आहे.

१९७१ च्या 'हरे राम हरे कृष्ण'मध्ये विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी वडील म्हणून ते दिसले, आणि १९७४ चा 'धुएँ की लकीर' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटच्या काळातला चित्रपट. २२ ऑगस्ट १९८० रोजी बँकॉक येथे त्यांचे निधन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर ही नव्या राज्याची राजधानी झाल्यावर छत्तीसगढ शासनाने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सन्मान सुरू केला, आणि त्यांनी हिंदीत लिहून ठेवलेली आत्मकथाही मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळाने प्रकाशित झाली. ज्यांना त्यांच्या कामाशी नव्याने परिचय करून घ्यायचा आहे त्यांनी 'नदिया के पार' आणि 'दिल अपना और प्रीत पराई' आधी पाहावेत, आणि 'गाइड' त्यानंतर.

'गाइड' आला त्याच १९६५ मध्ये, रायपूरजवळच्या खेड्यातून मुंबईला गेलेल्या मनु नायक यांनी 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट पूर्ण केला; ब्राह्मण मुलगी आणि सतनामी या दलित समाजातला मुलगा यांच्या प्रेमाच्या कथेमुळे त्याला झालेला विरोध आणि त्यातून त्याने काढलेली वाट हा पुढील लेखांकाचा विषय आहे.