चार दिवसांचें नांव

गेल्या श्रावणांत आमच्या वडीलबंधूंस एक ई-मेल आला. 'गेलीं चाळीस वर्षें आपल्या सेवेंत' असलेल्या बँकेनें कळविलें होतें कीं, चोवीस तासांत माहिती भरून न दिल्यास निवृत्तिवेतनाचें खातें बंद होईल. दादा घाबरून पासबुक शोधूं लागले. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं मात्र पत्रांतील दुव्याचें मूळ नांव, ज्यास डोमेन म्हणतात तें, आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर घालून पाहिलें. "मामंजी, हें नांव तर चार दिवसांचें आहे!" दादांनीं पासबुक मुकाट्यानें कपाटांत ठेविलें.

डोमेन शुल्क भरून नोंदवावें लागतें. धन्याचें नांव आतां बहुधा झांकलेलें असतें, पण नोंदणीची तारीख सहसा कोणासहि पाहतां येते. लबाड मनुष्य एक नांव काळ्या यादींत जाईपर्यंत वापरतो आणि टाकून दुसरें घेतो. म्हणून त्याचें नांव पुष्कळदां ताजें असतें. टपाल तपासणारे हेंच हेरतात. स्पॅमहाऊस ही संस्था नव्यानें दिसूं लागलेल्या नांवांची चोवीस तासांची यादी ठेविते. स्पॅमअसॅसिन नांवाच्या चाळणींत गेल्या पांच दिवसांतील नांवें शोधणारी एक कसोटी असे; तिला 'डे ओल्ड ब्रेड', म्हणजे कालचा पाव, असें गमतीचें नांव होतें. ही चाळणी प्रत्येक संशयास गुण देते व सामान्यतः ५ गुण भरले कीं पत्र स्पॅम ठरतें. अधिक गुण मिळवून नापास होण्याचा हा प्रकार आम्हां मास्तरांस नवाच!

पण ताजें तें सारें खोटें नव्हे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें संस्कृताचा वर्ग काढला, त्यासाठीं नवें डोमेन घेतलें आणि उद्घाटनास आम्हांस प्रेमानें बोलाविलें. तें पत्र स्पॅमच्या कप्प्यांत पडून राहिलें. तीन आठवड्यांनीं तें सांपडलें, तेव्हां उद्घाटन होऊन गेलें होतें आणि विद्यार्थी रुसला होता. उलट, धूर्त लोक नांव घेऊन महिनोगणती निजवून ठेवितात आणि मग वापरतात. रिझर्व्ह बँकेनें बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' असा शेवट असलेलीं नांवें घेण्यास सांगितलें, तेव्हां खऱ्या बँकांचींहि नांवें ताजींच होतीं.

म्हणून आम्हीं घरांत आणखी एक पाठ दिला. तत्पुरुष समासांत उत्तरपद प्रधान असतें. राजपुरुष हा पुरुष असतो, राजा नव्हे. डोमेनहि तसेंच शेवटाकडून वाचावें. 'बँक.अमुक.कॉम' यांत धनी 'अमुक.कॉम' होय, पुढें लावलेली 'बँक' नुसतें विशेषण. मुलांस हें चटकन् कळलें. दादांस समासापेक्षां तारीख अधिक आवडली आहे. पत्रिका मांडावी तशी ते आतां प्रत्येक पत्राची जन्मतारीख विचारतात. परवां सूनबाईंच्या माहेरून आलेल्या पत्राचीहि विचारली.