दाखल्यावरचं उत्पन्न

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची सुनावणी चालू होती. न्या. भूषण गवई यांनी तेव्हा लाडकी बहीण योजनेचा उल्लेख केला. फुकट रेशन आणि काम न करता पैसे मिळू लागल्याने लोक कामाला तयार नाहीत, महाराष्ट्रात शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत, असा त्यांचा सूर होता. त्यावर ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांनी हरकत घेतली, की काम मिळत असताना ते नको म्हणणारा माणूस विरळाच. गावाकडच्या पारावर हा वाद रोज होतो आणि त्यात दोन्ही बाजू ठाम असतात. सरकारी मदत माणसाला कामापासून तोडते, हे खरं नाही. पण तिचा कामावर काहीच परिणाम होत नाही, हेही खरं नाही. आपल्याकडच्या योजना काम सोडायला लावत नाहीत, काम लपवायला लावतात. दोष मदतीच्या रकमेत नसून त्या रकमेला लावलेल्या उत्पन्नमर्यादेत आहे.

आधी रकमेचाच हिशेब करू. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये म्हणजे २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये दराने जेमतेम पाच दिवसांची मजुरी. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं. तेल, डाळ, मीठमसाला, दवाखाना, मुलांच्या वह्या यांतलं काही त्यात नाही. एवढ्यावर घर चालवून कुणी अंथरूण धरून बसेल, हे गणितातच बसत नाही. आकडेही तेच सांगतात. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेला. मोफत धान्याचं वाटप २०२० पासून सुरू झालं, ते याच काळात. या वाढीत घरच्या शेतीतलं बिनपगारी काम मोठ्या प्रमाणावर आहे, हे मान्य. पण ते कामच आहे, आळस नव्हे. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे प्रयोग पुन्हा तपासले. मदतीमुळे लोक काम कमी करतात, याचा पद्धतशीर पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग शेतकरी खोटं बोलतो का? मुळीच नाही. सोयाबीनची काढणी आणि कपाशीची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास एकमेकींवर येतात, आणि तेव्हा माणूस मिळत नाही हे उघड आहे. पण मजूर गेले कुठे, याचं उत्तर मध्य प्रदेशातल्या एका प्रयोगात सापडतं. २०११ च्या सुमारास इंदूर परिसरातल्या काही गावांत ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने सर्वांना विनाअट मासिक रक्कम दिली. तिथे काम कमी झालं नाही, उलट वाढलं. मात्र लोक दुसऱ्याच्या रोजंदारीऐवजी स्वतःच्या तुकड्यावर जास्त राबू लागले. म्हणजे हात आहेत. पण मालक सांगेल त्या दराला, सांगेल त्या दिवशी हजर होण्याची लाचारी थोडी कमी झाली. पिकाला भाव नसताना मजुरीचा वाढता दर शेतकऱ्याला झेपत नाही, ही त्याची अडचण खरी. तिचं उत्तर बाजारभावात शोधावं लागेल, मजूरबाईच्या पंधराशे रुपयांत ते मिळणार नाही.

खरी मेख वेगळीकडे आहे. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांना आता महिना १,५०० रुपये मिळतात. सर्वसाधारण अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं. एखादी विधवा रोजगार हमीच्या कामावर गेली, तर २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने अडुसष्टाव्या दिवशी ती ही मर्यादा ओलांडते. मनरेगाने तेव्हा हमी दिलेले शंभर दिवस पूर्ण केले, तर ३१,२०० रुपये होतात आणि कागदोपत्री वर्षाचे १८,००० रुपये हातचे जातात. एक सरकारी कायदा तिला कामाची हमी देतो आणि दुसरा सरकारी नियम त्याच कामासाठी तिला अपात्र ठरवतो. गंमत अशी, की कामगार राज्य विमा योजनेत २०१७ पासून पगाराची कमाल मर्यादाही २१,००० च आहे, फक्त ती महिन्याची. एका खात्याच्या मते जो आकडा महिन्याला मिळवणारा अल्पवेतनी कामगार, तोच आकडा वर्षाला मिळवणारी बाई दुसऱ्या खात्याच्या लेखी निराधार उरत नाही.

रेशनचंही तसंच. राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. शहरातली मर्यादा महिन्याला पाच हजारांच्याही खाली येते. पुण्या-नाशकात सोसायटीच्या गेटवर उभा राहणारा वॉचमनसुद्धा याहून जास्त मिळवतो. लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा उदार वाटते, पण ती कुटुंबाची आहे. महिन्याला हिशेब केला तर सुमारे २०,८३३. नवऱ्याच्या पगारात बाईच्या पगाराची भर पडली, की ती कडा जवळ येते. म्हणजे बाईसाठी काढलेल्या योजनेत बाईची कमाईच आड येते. अशा वेळी शहाणं माणूस काय करेल? पगार खात्यावर नको, रोख द्या म्हणेल. पीएफ कापू नका म्हणेल. कंत्राटदाराला तर हे हवंच असतं. कमी पगाराच्या कामगाराची कोंडी इथे आहे: काम की अनुदान, असा प्रश्न त्याच्यासमोर नसतोच, असतो तो पावतीचं काम की बिनपावतीचं, असा. बिनपावतीच्या कामात आज कार्ड टिकतं, पण म्हातारपणी पेन्शन नसते आणि अपघात झाला तर हजेरीचा पुरावा नसतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, दाखला कोण तपासतो? तलाठी अहवाल देतो, सेतूत अर्ज जातो आणि हवं ते उत्पन्न कागदावर येतं. अगदी बरोबर. पण खोट्या दाखल्यावर उभा असलेला हक्क हा हक्क राहत नाही. तो गावातल्या ज्या कुणाला खरं माहीत आहे, त्याच्या मर्जीवर चालतो. निवडणुकीआधी डोळे मिटले जातात आणि नंतर पडताळणी सुरू होते, हे लाडकी बहीण योजनेत सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मर्यादाच काढल्या, तर तिजोरी कशी पुरणार? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, तेव्हा ही चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण मर्यादा काढणं आणि तिची कडा बोथट करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणाऱ्याची कमाई वाढली, की ठरावीक सूट सोडून पुढच्या प्रत्येक पौंडामागे मदतीतले ५५ पेन्स कमी होतात. उतार तीव्र आहे, पण तो उतार आहे, कडेलोट नव्हे. त्याच देशात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांच्या भत्त्याला मात्र कडेलोटाची अट आहे. २०२४-२५ मध्ये आठवड्याला १५१ पौंडांच्या वर एक पौंड जरी मिळाला, तरी ८१.९० पौंडांचा अख्खा भत्ता जाई, आणि नकळत मर्यादा ओलांडलेल्या हजारो जणांकडे सरकारने वसुली लावली. त्यावरून गदारोळ झाला आणि एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १९६ पौंड करून किमान वेतनाच्या सोळा तासांशी बांधली गेली. किमान वेतन वाढलं, की तीही आपोआप वाढते.

आपल्याला असं बांधायला खुंटा परदेशातून आणावा लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी उत्पन्नाचा दाखला मागत नव्हती. उन्हात खडी फोडायला आला तो गरजू, एवढीच तिची परीक्षा. तिथे कमाई लपवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. निराधार योजनेची मर्यादा निदान शंभर दिवसांच्या रोजगार हमी मजुरीएवढी ठेवली, तर ती २०२५-२६ च्या दराने ३१,२०० होते आणि मजुरीचा दर सुधारला की तीही न सांगता वर सरकते. दाखल्यावर खरा आकडा लिहिताना मग तलाठ्यालाही कचरावं लागणार नाही आणि त्या बाईलाही.