पोहण्याचा वर्ग : अपेक्षा आणि मर्यादा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरांतील जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते. एके काळी पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून मुलाला विहिरीत उतरवले जाई. आता ते काम प्रशिक्षक आणि महिन्याभराची 'बॅच' करते. मात्र 'शुल्क भरले, महिना संपला, मूल पोहू लागले' हा हिशेब नेहमीच जुळतो असे नाही. म्हणूनच या वर्गाकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे पालकांनी आधीच समजून घ्यायला हवे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते, चौथ्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुले पोहण्याचे शिक्षण घेण्यास तयार होतात. त्याआधीही मुलाला पाण्याची ओळख करून देता येते. पण हातांचे वल्हे आणि श्वासाचा मेळ त्या वयात साधेलच असे नाही.

पहिल्या आठवड्यात बाहेरून पाहणाऱ्याला फारशी प्रगती दिसत नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणे, श्वास रोखणे, कठड्याला धरून पाय मारणे एवढेच चाललेले असते. पण खरा पाया हाच. त्यानंतर तरंगणे, भिंतीला पायाने रेटा देऊन पुढे सरकणे आणि शेवटी हात-पाय-श्वास यांचा ताल, अशा पायऱ्या येतात. मूल रडते म्हणून लगेच वर्ग सोडू नये; पण त्याला बळजबरीने खोल पाण्यात ढकलण्यासही संमती देऊ नये. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको.

मग 'पोहता येते' असे कधी म्हणावे? डोक्यावरून पाणी जाईल एवढ्या खोलीत उतरून पुन्हा वर येणे, मिनिटभर तरंगणे किंवा उभ्याने पोहणे, वळून काठ शोधणे, साधारण २५ मीटर अंतर कापणे आणि शिडीविना बाहेर पडणे, हे सारे सलग जमले तरच. पहिल्या महिन्यात हे साधले नाही, तर त्यात मुलाचा दोष नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी एका प्रशिक्षकाकडे किती मुले असतात, स्वतंत्र जीवरक्षक आहे का, प्रथमोपचाराची सोय आहे का, हे विचारावे. तलावाचा तळ स्पष्ट दिसत नसेल, तर तेथे मुलाला उतरवू नये. पाण्यात जाण्यापूर्वी अंघोळ आवश्यक. जुलाब होत असल्यास सुट्टीच घ्यावी.

सर्वांत मोठा धोका मात्र वर्ग संपल्यानंतरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. ५ ते १४ या वयोगटात मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये बुडण्याचा क्रमांक तिसरा आहे. तलावातले पाणी स्थिर असते. नदीला ओढ असते, समुद्राला भरती-ओहोटी असते, धरणाच्या तळाशी गाळ असतो. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासासाठीच धडपडणाऱ्याला हाक मारण्याइतकी उसंत मिळत नाही. त्यामुळे सहलीला गेल्यावर 'आमच्याला पोहता येते' या भरवशावर राहू नये. लहान मूल पाण्यात असताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हाती मोबाइल नसावा.