८.०८ आणि ८.०८, मग सुवर्ण एकालाच का?

या भागाचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एका श्रोत्याने विचारलं, "दादा, दोघंही सारखंच लांब उडाले, मग एकाला गोल्ड आणि आपल्याला सिल्व्हर? हा कुठला न्याय?"

गोष्ट आहे ४ ऑगस्ट २०२२ ची. बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, पुरुषांची लांब उडी. मी मोबाईलवर लाईव्ह बघत होतो, आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. केरळच्या पालक्काडचा मुरली श्रीशंकर चार प्रयत्नांनंतर ७.८४ मीटरवर अडकलेला. चौथी उडी मोठी होती, पण अगदी थोडक्यात फाऊल! पाचवी उडी ८.०८. मी ओरडलोच. पण बहामाजच्या लाक्वान नेर्नने दुसऱ्याच प्रयत्नात ८.०८ मारून ठेवलं होतं. सुवर्ण नेर्नला.

आता हे कसं ते नीट बघू. त्या फायनलमध्ये सगळ्यांना तीन उड्या होत्या, मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन. सहापैकी सगळ्यात लांब उडी धरायची. ती सारखी निघाली तर दोघांची दुसऱ्या क्रमांकाची उडी बघायची, तीही सारखी असेल तर तिसरी. याला काउंटबॅक म्हणतात. नेर्नची दुसरी चांगली उडी ७.९८, श्रीशंकरची ७.८४. संपला विषय. आधी कोण उडालं, याचा इथे काही संबंध नाही. बऱ्याच जणांचा तिथेच घोळ होतो.

म्हणजे बघा, शेवटच्या प्रयत्नात श्रीशंकरला ८.०९ मारायची गरजच नव्हती. ७.९९ पुरलं असतं! त्याच वर्षी एप्रिलमध्ये ८.३६ चा राष्ट्रीय विक्रम केलेल्या माणसाला ७.९९. पण शेवटच्या उडीत ते जमलं नाही. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की दोनच दिवस आधी पात्रता फेरीत तो ८.०५ उडाला होता. ती उडी धरली असती तर सुवर्ण आपलं होतं. पण पात्रता फेरीतलं काहीही फायनलमध्ये मोजत नाहीत, पाटी कोरी.

"पण वारा?" हो, तोही मेसेज आला होता. श्रीशंकरच्या उडीला मागून सेकंदाला १.५ मीटर वारा होता, नेर्नला समोरून ०.१, म्हणजे जवळपास नाहीच. पण वाऱ्याने पदकं ठरत नाहीत. मागून येणारा वारा २.० पेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत, एवढंच. त्यामुळे वाऱ्यावरून भांडायला गेलो तर आपलीच बाजू लंगडी, खरं सांगायचं तर.

अजून एक गंमत. मोजताना सेंटिमीटरच्या खालचं सगळं सोडून देतात. ८.०८९ मीटर उडी पडली तरी कागदावर ८.०८ च. शिवाय माप पाय कुठून उचलला तिथून नाही, तर लाकडी पट्टीच्या वाळूकडच्या कडेपासून घेतात. पट्टी २० सेंटिमीटर रुंद असते. पाय कडेच्या दहा सेंटिमीटर अलीकडे पडला, तर ते दहा सेंटिमीटर फुकट गेले. पुढे गेला तर फाऊल. तेव्हा दोघं 'सारखंच' उडाले, हे तसं कागदावरचंच.

टोकियो ऑलिंपिकमध्येही हेच झालं होतं. १ ऑगस्ट २०२१ ला उंच उडीत बार्शिम आणि ताम्बेरी यांनी सुवर्ण वाटून घेतलं. जगभर कौतुक. दुसऱ्याच दिवशी लांब उडीत ग्रीसचा तेंतोग्लू आणि क्युबाचा एचेवारिया, दोघंही ८.४१. इथे मात्र दुसरी उडी पाहिली, ८.१५ विरुद्ध ८.०९. सुवर्ण तेंतोग्लूला. पायाला दुखापत झालेला एचेवारिया रडत होता. उंच उडीत त्या दोघांचे आधीचे प्रयत्नही सारखेच निघाले होते, म्हणून वाटून घ्यायची वेळ तरी आली.

श्रीशंकरने २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेतही रौप्य मिळवलं. ८.१९, चीनच्या वांग जियानानची ८.२२. तिथे काउंटबॅकची गरजच पडली नाही.

पुढच्या भागात बर्मिंगहॅममध्येच थांबू. तिथे आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं होतं. हेडफोन चार्ज करून ठेवा!