स्प्रिंग घरी बदला, पण मधला नट सोडून

भंडारा जिल्ह्यात हातात पाना धरायला फारसं कोणी घाबरत नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना, वरठीला सनफ्लॅगचं पोलाद, जवाहरनगरला आयुध निर्माणी. हयात लोखंडात घालवलेला माणूस गल्लीत एखादा तरी निघतोच. त्यामुळे गाडीचं तोंड खाली बसलं की अंगणातच जॅक लागतो. ऑइल, बॅटरी, ब्रेक पॅड इथपर्यंत काही हरकत नाही. पुढच्या स्प्रिंगांबाबत मात्र ऐकीव ज्ञान फार फिरतं, आणि त्यातलं काही थेट जबडा फोडणारं आहे.

पहिली गल्लत स्प्रिंग आणि शॉकअपची. खड्ड्यात गाडी आदळली की लोक म्हणतात, ‘स्प्रिंग गेली’. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. तिची उसळी आवरतो तो शॉकअप. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा हिंदकळत राहिली तर दोष शॉकअपचा. उभी गाडीच एका अंगाला झुकलेली दिसली तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. तोही डोळ्यांनी नव्हे, टेपने: सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा हिशेबात शिरते. आणि नुसती खटखट ऐकू येत असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग तपासा. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो आणि स्प्रिंगांचा खर्च वाचतो.

‘गाडी एवढी चालली, स्प्रिंगा नरम पडल्या असतील’ हेही सर्रास ऐकू येतं. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर. यांतलं काहीही किलोमीटर मोजून बदलत नाही. जुनी स्प्रिंग थोडी बसते, म्हणजे तिची उंची घटते; नरम होत नाही. अपवाद गंजाचा. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणून गंजाने जाडी पाच टक्के खाल्ली तर कडकपणा अठरा-एकोणीस टक्क्यांनी उतरतो. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावरचा चिखल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत जाऊन बसतो. त्यातले खडे रंग खरवडतात, तिथे गंजाचा खड्डा पडतो आणि दर हादऱ्याला तिथूनच चीर पुढे सरकते. म्हणून स्प्रिंग बहुधा खालच्या वेटोळ्यात तुटते आणि तुटलेली चटकन दिसतही नाही. टॉर्च घेऊन खालूनच पाहावं लागतं. तुटलेलं टोक टायरला लागू शकतं, तेव्हा ‘अजून चालतेय की’ म्हणून रेटू नये. बाकी, डिकीत धानाची पोती भरल्याने पुढच्या स्प्रिंगा बसतात हा समज उलटा आहे. तो भार मागच्या स्प्रिंगांवर पडतो. गाडीचं तोंड उलट वर उचललं जातं.

महामार्गावर ट्रकचे पाटे तापवून, ठोकून पुन्हा कमानीत आणून देणारे कारागीर असतात. त्यावरून गोल स्प्रिंगही गॅसवर तापवून ताणून घेता येईल असं काहींना वाटतं. तसं करू नये. कारखान्यात ठराविक तापमानाला दिलेलं पाणी गॅसच्या ज्योतीने उतरतं. अशी स्प्रिंग पुन्हा बसते, नाहीतर तुटते. गाडी खाली घेण्यासाठी एक वेटोळं कापणारे हौशीही आहेत. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते आणि कापलेलं टोक वाटीत नीट टेकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही, ते वेगळंच. वेटोळ्यांत रबरी बफर अडकवणं हा स्वस्त उपाय वाटतो, पण त्याने तेवढी वेटोळी जाम होतात आणि त्यांचं काम बाकीच्यांवर पडतं.

आता सर्वांत घातक समज: ‘चाक हवेत लटकलं की स्प्रिंग मोकळी झाली.’

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाची ही रचना 1950 च्या फोर्ड कॉन्सुलमध्ये होती. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने ती घरोघरी नेली. या खांबात स्प्रिंग मुळातच दाबून बसवलेली असते. चाक लटकलं, इतकंच काय खांब काढून ओट्यावर ठेवला, तरी ती दाबलेलीच राहते. तिला धरून ठेवतो वरच्या माउंटिंगच्या मधोमध असलेला एकच नट.

हिशेब करून पाहा. समजा, स्प्रिंग एक सेंटीमीटर दाबायला 20 किलो भार लागतो. बारा सेंटीमीटर दाबली की तिथे 240 किलोचा जोर साठला. तो एकदम सुटला तर माउंटिंगसकट दोन-तीन किलोचं लोखंड ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाने उडू शकतं, आणि नट खोलणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच रेषेत असतं. दोरी, साखळी, बांधणीची तार यांनी स्प्रिंग आवळून हे काम करणारे लोक आहेत. त्यांचं निभावलं ते नशिबाने. स्प्रिंग दाबून धरायला बाजारात मिळणारे दोन आकड्यांचे कंप्रेसरही वेटोळ्यावरून घसरू शकतात. दोन्ही बाजू सारख्या न आवळल्यास स्प्रिंग वाकते आणि निसटते.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे: गाडीतून खांब काढणं हे घरचं काम, खांबातून स्प्रिंग काढणं हे घरचं काम नाही. चाक काढा, ब्रेकच्या पाइपची आणि सेन्सरच्या वायरची क्लिप सोडवा, लिंक काढा, खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे माउंटिंगचे कडेचे नट खोला, मधल्याला हात लावू नका. काही गाड्यांत वरून मधलाच नट दिसतो. तिथे त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वाचल्याशिवाय पाना लावू नये. चेसिसवाल्या काही जीपगाड्यांत खांब नसतो, स्प्रिंग दोन आर्मांच्या मध्ये दाबलेली असते. ते काम सरळ गॅरेजचंच. खांब निघाला की गाडी स्टँडवर घरी राहील आणि खांब मोटरसायकलवर गॅरेजला जाईल. पक्का बसवलेला कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये स्प्रिंग बदलायला फार वेळ लागत नाही.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून किंवा विटा रचून खाली हात घालू नये. वीट न सांगता फुटते. स्टँड घ्या, मागच्या चाकांना अडण लावा. ब्रेकचा कॅलिपर पाइपला लोंबकळत ठेवू नका. स्प्रिंगा जोडीनेच बदला, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. नव्या घेताना रंगाच्या खुणा जुळवा, कारण पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या स्प्रिंगा दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्या भाराच्या असतात. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट ढिला केला असेल तर तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचा आवळा, नाहीतर बुश पिळलेला राहून लवकर फाटतो.

काम झाल्यावर ‘स्टेअरिंग सरळ आहे, अलाइनमेंट कशाला’ असं म्हणू नका. गाडीची उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, आणि खालच्या दोन बोल्टांच्या भोकांतली किंचित ढिलाईही त्यात भर घालते. भंडाऱ्यात असो की नागपूरला, अलाइनमेंट करूनच गाडी नेहमीच्या वापरात घ्या.