पहिल्यांदाच शंकरपटात जोडी उतरवताना

कनेरगाव नाका ही मराठवाड्याची शीव. पुढे वाशिम जिल्हा लागतो, वऱ्हाड सुरू होतो. शंकरपटाचा शौक मात्र शिवेच्या दोन्ही अंगांना सारखाच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा कायम झाला. मधल्या सात वर्षांत मोठ्या झालेल्या पोरांनी पट धड पाहिलेला नाही, आणि आता तीच म्हणतात, आपली जोडी उतरवू!

उतरवा, पण पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का, हे आधी आयोजकांना विचारा. त्यात संकोच कसला? जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. धाव १००० मीटरच्या आतच असते. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना सक्त मनाई आहे. बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे जोडी हाकेवर पळाली पाहिजे, आणि ते आठवड्यात जमत नाही. सपाट रानात, हलक्या छकड्याला जुंपून थोडे-थोडे अंतर पळवा. दोन्ही बैलांची चाल जुळते का पाहा. एक तेज आणि दुसरा मंद असला तर छकडा तिरका जातो व उलटण्याची भीती असते. वाजंत्री, भोंगा आणि माणसांची गर्दी यांनी नवा बैल बिचकतो. म्हणून दोन-तीन बाजारांना जोडी नेऊन नुसती उभी करा. हा उपाय बिनखर्चाचा आहे, तरी फार थोडे लोक करतात.

पटाच्या सकाळी पोटभर वैरण घालू नका. भरलेले पोट फुफ्फुसावर दाबते आणि बैलाला धाप लागते. धाव संपली की लगेच बांधू नका, सावकाश फिरवा, दम खाली बसला की थोडे-थोडे पाणी पाजा. खुरे, खांदा व वेसणीची जागा हाताने चाचपून पाहा. बैल लंगडत असेल तर पुढची फेरी सोडून द्या, मग मैदानातले लोक काही म्हणोत. पैजेच्या नादी लावणारेही तिथे भेटतील. त्यांना रामराम घाला. मृगात तिफण ओढायला हीच जोडी लागणार आहे. घरी आल्यावर दोन दिवस तिला औताला जुंपू नका.