बंद खोलीतले जहाज

डोके दुखते म्हणून येणारा रोगी डॉक्टरची परीक्षा पाहतो. रोग्याला विचारायचे काही प्रश्न आम्हाला पाठ झालेले असतात, आणि पाठ झालेली गोष्ट माणूस न ऐकता म्हणतो. २०२१ च्या पावसाळ्यात मी असाच एक प्रश्न विचारायचा राहिलो, आणि एका भल्या माणसाला दोन महिने नको ती औषधे खायला घातली. ती हकीकत वाचकांना सांगितली पाहिजे.

हे गृहस्थ माझे जुने रोगी. वय त्या वेळी बहात्तर. मुंबईच्या नौदल गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळ वडिलोपार्जित घरी येऊन राहिले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला. ऑक्सिजन कमी झाला नाही, घरीच बरे झाले. फक्त वास गेला तो गेलाच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते दवाखान्यात आले. सकाळी उठल्यापासून डोके जड, दुपारनंतर ठणका, मळमळ, जेवणावरून मन उडालेले. काकूंची तक्रार वेगळीच होती. "चिडचिड फार वाढली आहे हो यांची. आणि एकच गोष्ट तीनदा विचारतात."

कोविड नुकताच होऊन गेलेला. मी म्हणालो, कोविडनंतरचा अशक्तपणा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिल्या. पंधरा दिवसांनी रक्तदाब थोडा चढा निघाला, ती गोळी वाढवली. मग मान तपासली, त्या वयात मानेच्या मणक्यांत काही ना काही सापडतेच, म्हणून पट्टा दिला. चष्म्याचा नंबर बदलून झाला. डोक्याचा स्कॅन करू या, असेही मी एकदा बोलून गेलो. त्या काळात दवाखान्यात प्लास्टिकच्या पडद्याआडून तपासणे चालू होते. गप्पा मारायची सोय नव्हती, हे खरे. पण ती सबब झाली.

जुलैच्या २२ तारखेला चिपळूण बुडाले. काकांची मुलगी तिथे बाजारपेठेजवळ राहते. पाणी ओसरल्यावर काका तिकडे गेले आणि दोन आठवडे घरातला, दुकानातला चिखल उपसत राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर, गंमत बघा. तिथं दिवसभर राबलो, झोप नाही, धड जेवण नाही. पण डोकं एकदाही दुखलं नाही. घरी आलो, तीन दिवसांत पुन्हा सुरू."

रोगी आपणहून निदान हातात ठेवतो ते असे. मी मात्र म्हणालो, "मुलीच्या काळजीत दुखण्याकडे लक्ष गेलं नसेल." आजही ते वाक्य आठवले की ओशाळल्यासारखे होते.

ऑगस्टच्या मध्याला काकूंना चक्कर येऊन त्या न्हाणीघराच्या दारात बसल्या, म्हणून मला घरी बोलावणे आले. पाऊस कोसळत होता. दार उघडले आणि उंबऱ्यातच नाकात थिनरचा असा भपकारा शिरला की डोळ्यांत पाणी आले. काकूंनाही गेले आठ-दहा दिवस डोकेदुखी होती; पण नवऱ्याच्या दुखण्यापुढे आपले काय सांगायचे, म्हणून त्या गप्प होत्या. वासाचे विचारले तर म्हणाल्या, "असतो थोडा रंगाचा, आता जाणवत पण नाही." एका घरातल्या दोघांचे डोके एकाच सुमारास दुखू लागले की दोष डोक्यात शोधू नये, घरात शोधावा.

मधल्या खोलीत टेबलावर जहाज होते. जवळजवळ तीन फूट लांबीचे, प्लायवूडच्या सांगाड्यावर पातळ लाकडी पट्ट्या चढवून, पुट्टी भरून, घासून गुळगुळीत केलेले. वरचे कठडे तांब्याच्या बारीक तारेचे. खोली आठ बाय दहाची, खिडकी बंद, दाराच्या फटीला फडके. कोपऱ्यात छोटा कॉम्प्रेसर, त्याला पेनासारखी रंग फवारायची गन, आणि खाली थिनरचा पाच लिटरचा डबा. भिंतीपलीकडे देवघर, त्यात निरांजन तेवत होते! थिनरच्या वाफेला ठिणगी पुरते. कुणाला काही व्हायच्या आत ते निरांजन मी आधी विझवायला सांगितले. काकूंना ते आवडले नाही.

हे जहाज म्हणजे आयएनएस खुकरी. १९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला खुकरीचे स्मारक आहे, तिथे काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती ठेवलेली आहे. पुष्कळ मराठी पर्यटक तिच्यासमोर फोटो काढून आले असतील. काका तेव्हा गोदीत नवीन लागलेले, बाविशीतले. दुरुस्तीच्या कामाला तिच्यावर चढलेले. गेलेल्यांपैकी काही जणांबरोबर त्यांनी चहा घेतला होता. पन्नास वर्षे पुरी होतील त्या ९ डिसेंबरला जहाज तयार पाहिजे, एवढा त्यांचा हिशोब होता. बाजारात या जहाजाचा तयार संच त्यांना मिळाला नाही. म्हणून जुनी छायाचित्रे आणि आठवण यांवरून, एकास शंभर या मापात, सगळे हाताने.

खिडकी बंद का, याचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. लॅकर जातीचा रंग दमट हवेत फवारला की वाळताना त्यावर पांढरट धुके धरते. कोकणातला पावसाळा, म्हणून खिडकी घट्ट लावलेली. आणि रंग सावकाश वाळावा म्हणून थिनर जास्त. म्हणजे जहाजाच्या दृष्टीने सगळे शास्त्रशुद्ध! तोंडाला मास्क होता, कोविडमुळे घरात भरपूर होते. "एन-९५ लावतो मी," काका अभिमानाने म्हणाले.

हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे, म्हणून थोडे खोलात सांगतो. एन-९५ मास्क कण अडवतो. फवाऱ्याचे थेंब, लाकडाची धूळ, घासलेल्या पुट्टीची भुकटी त्याने अडते. थिनरची वाफ कण नव्हे, वायू आहे. ती त्यातून सरळ आत जाते. तिच्यासाठी विशिष्ट कोळशाची डबी लावलेला रबरी मास्क लागतो, आणि ती डबीही ठरावीक काळाने बदलावी लागते. थिनरमध्ये टोल्युईन, झायलीन असे पदार्थ असू शकतात. ते फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून झटकन मेंदूत जातात, कारण चरबीत विरघळणे हा त्यांचा गुण आणि मेंदूत चरबी भरपूर. म्हणून डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, चिडचिड, विसराळूपणा. वर्षानुवर्षे कोंदट जागेत काम करणाऱ्या रंगाऱ्यांमध्ये हा विसराळूपणा कायमचा राहिलेला आढळला आहे. माणूस त्या हवेतून बाहेर पडला की बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत हलके वाटते. चिपळूणला हेच झाले होते.

निसर्गाने यावर एक पहारेकरी ठेवला आहे, तो म्हणजे नाक. पण ते थोड्या वेळात वासाला सरावते. काकूंचे तसे झाले. काकांचे नाक तर कोविडनेच नेले होते. कोविडनंतर ज्यांचा वास परतला नाही त्यांनी गॅस, रंग, रॉकेल, नासलेले अन्न यांबाबत दुसऱ्याच्या नाकावर अवलंबून राहावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. आधी सांगायला हवे होते.

"जहाज सोडून बाकी काय म्हणाल ते सोडतो," काका म्हणाले. मी सोडायला सांगणारच नव्हतो. निवृत्तीनंतर पारावर बसून दुखणी मोजणारे रोगी मी रोज पाहतो. बहात्तराव्या वर्षी हात, डोळे आणि स्मरण एका कामाला जुंपणारा माणूस विरळा. त्याच्या हातून ते काढून घेतले असते तर मला पुढे झोपेच्या गोळ्या लिहाव्या लागल्या असत्या.

मग आम्ही घरच बदलले. फवारणी पडवीत, उघड्यावर, पावसाची झड नसेल त्या दिवशी. लॅकरचे काम शक्य तितके बंद, त्याऐवजी पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक रंग. फवारला तर त्याच्या थेंबांसाठी मात्र एन-९५ कामाचा. थिनरचा डबा घराबाहेर, झाकण घट्ट. पेयाच्या बाटलीत थिनर किंवा टर्पेंटाइन कधीही भरू नये. लहान मुलाने चुकून घेतलेच तर उलटी काढायला लावू नका; उलटीबरोबर ते फुप्फुसांत जाते आणि खरा धोका तिथे असतो. बाटलीसकट मूल ताबडतोब दवाखान्यात न्या. हातावरचा रंग थिनरने धुण्याची सवयही वाईट. कातडी फुटते आणि थोडे आतही मुरते. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. पापण्या चिकटल्या तर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. तो डिंक सुती कापडावर सांडला तर तापतो आणि भाजतो, हे मलाही काकांकडूनच कळले. त्यांच्या मांडीवर डाग आहे.

त्यांच्या गोळ्या मी एकेक करून काढल्या. दहा दिवसांत डोकेदुखी थांबली, काकूंची तर चार दिवसांत. पट्टा परत आला तो मी कुणाला तरी देऊन टाकला.

१७०० साली रामात्सिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटसने सांगितलेल्या प्रश्नांत त्याने आपला एक घातला: तुम्ही काम काय करता? मी काकांच्या कागदावर "निवृत्त" लिहून मोकळा झालो होतो.

९ डिसेंबरपर्यंत जहाज पुरे झाले नाही. त्या संध्याकाळी नुसता करडा अस्तराचा रंग दिलेले जहाज टेबलावर ठेवून त्यांनी समोर समई लावली. थिनर घरात नव्हते, म्हणून माझी हरकत नव्हती. पुढच्या मार्चमध्ये शेवटचा हात झाला. जहाज समुद्रात राबलेले दिसावे म्हणून त्यावर जे गंजाचे, काजळीचे, मिठाचे डाग द्यायचे, त्याला ते 'वय चढवणे' म्हणतात. त्यांनी अंगणातला जांभ्याचा दगड उगाळून, वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून बारीक कुंचल्याने लावला. जांभ्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचाच, तेव्हा याहून खरा गंज कुठला? कोरडी भुकटी उडवायची नाही, एवढे माझे कलम त्यांनी पाळले. नांगराच्या भोकाखाली दोन ओघळ, धुराड्याच्या तोंडाशी काजळी, बस. मी म्हटले, "थोडा आणखी गंज हवा होता, जुनं वाटलं असतं." काका रागावले. "युद्धनौका आहे ती. खलाशी रोज घासून रंग देतात. गंजलेली नव्हती ती."

बाजूवर एफ १४९ हा आकडा आहे. त्यांचा वास अजून पुरता आलेला नाही. नवा रंग दिला की काकूंना हाक मारतात, त्या दारातूनच हुंगतात आणि खिडकी उघडायची की नाही ते सांगतात.